भावोजींची बर्फाची तालीम

अमेरिकेतल्या आमच्या बेलव्ह्यूला वर्षातून जेमतेम आठवडाभर खरं उकडतं. ऑगस्टमधला तोच आठवडा चालू होता, आणि आम्ही माझ्या ताईच्या गराजमध्ये ओळीनं उभे होतो. अंगात जाड जॅकेटं, हातात मोजे, डोक्यावर हेल्मेट, आणि पायात स्कीचे ते दगडासारखे बूट. घाम पाठीवरून ओघळत थेट बुटात उतरत होता. समोर हातात फोन घेऊन उभे असलेले मुकुंद भावोजी म्हणाले, "आता असं समजा, की तुम्ही डोंगरावर आहात आणि तुम्हाला बाथरूमला लागलंय. चला. मी वेळ मोजतोय."

"भावोजी, मला खरंच लागलंय," माझा नवरा प्रसाद म्हणाला.

"उत्तम! मग तू पहिला."

प्रसाद खाडखाड पाय आपटत निघाला, उंबऱ्याला अडखळला आणि वॉशिंग मशीनला मिठी मारून कसाबसा सावरला. त्याच्या मागून आमची अकरा वर्षांची रेवा. ती म्हणाली, "मॉम, धिस इज नॉट नॉर्मल." मी तिला गप्प केलं, कारण पोरगी खरं बोलत होती. तेवढ्यात शेजारचे गृहस्थ कुत्रा फिरवायला घेऊन निघाले होते, ते उघड्या गराजसमोर थबकले. भावोजींनी त्यांना हात केला आणि हिवाळ्यातल्या ट्रिपची टेस्ट चालू आहे असं अगदी शांतपणे सांगितलं. गृहस्थांनी मान डोलावली आणि कुत्र्याला जरा लगबगीनं पुढे नेलं.

मुकुंद भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, वैशालीताईचे यजमान. मूळचे अकोल्याचे. जिथे मे महिन्यात डांबर चपलेला चिकटून घरी येतं, त्या गावचा माणूस. अमेरिकेत येऊन त्यांनी सगळी हयात सॉफ्टवेअरच्या टेस्टिंगमध्ये घालवली. इतरांनी प्रोग्रॅम लिहायचा आणि यांनी त्यातल्या चुका गिऱ्हाइकाच्या आधी शोधायच्या, असं ते काम. दोन वर्षांपूर्वी त्यांनी रिटायरमेंट घेतली. कंपनीनं निरोप समारंभ केला, केक कापला, भाषणं झाली. माझ्या मते तो आनंदोत्सव असणार, कारण त्या दिवसापासून चुका शोधायचं काम कंपनीतून उठून आमच्या घरात आलं.

"प्रॉडक्शनमध्ये पडण्यापेक्षा टेस्टमध्ये पडलेलं बरं," हे त्यांचं ब्रीदवाक्य. प्रॉडक्शन म्हणजे खरा प्रसंग, जिथे चार लोकांसमोर फजिती होते. ती टाळायची म्हणून हे प्रत्येक गोष्टीची आधी तालीम घेणार. नवीन कुकर आणला की आधी नुसत्या पाण्यावर शिट्ट्या काढून बघतात. गणपतीच्या आदल्या आठवड्यात मूर्तीच्याच मातीचा एक गोळा बादलीत टाकतात आणि तो विरघळेपर्यंत बाजूला स्टूल टाकून बसतात. एका वर्षी ताईनं सत्यनारायण घातला, तेव्हा आदल्या दिवशी प्रसादाच्या शिऱ्याचीसुद्धा चाचणी झाली. आम्ही दोन दिवस शिराच खात होतो. पूजेच्या दिवशी तोच शिरा हातावर पडला तेव्हा माझ्या मनात जे आलं ते देवानं पोटात घालावं.

आता या माणसाचं आणि बर्फाचं नातं काय? तर काही नाही. स्की येत नाही, शिकायची इच्छा नाही, थंडीत कान दुखतात म्हणून घरातसुद्धा माकडटोपी. पण सईला स्की येतं.

सई म्हणजे ताई-भावोजींची एकुलती एक लेक. ती लहान होती तेव्हा हिवाळ्यातल्या दर शनिवारी भावोजी तिला पहाटे उठवून डोंगरावर क्लासला न्यायचे, आणि क्लास संपेपर्यंत पार्किंगमध्ये गाडीत डिंकाचा लाडू खात बसायचे. तीच सई आता पार देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॅरीला नोकरी करते. गेल्या दोन दिवाळ्यांना ती घरी आली नाही. ताई म्हणते, तिला रजा नसते. मला खरं कारण ठाऊक आहे, कारण ते घडलं तेव्हा मी समोर बसले होते.

इथली बरी नोकरी सोडून कॅरीला जायचं तिनं ठरवलं, त्या आठवड्यातली गोष्ट. भावोजींनी आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं, आणि जेवणं आटोपल्यावर टीव्ही लावला. मला वाटलं मॅच असेल. पडद्यावर आलं, 'सईचा निर्णय : आढळलेले दोष'. खाली दोषांचे प्रकार. गंभीर, मध्यम, किरकोळ. प्रत्येकाला वेगळा रंग दिला होता. ताई त्यांना डोळ्यांनी खुणावत होती, पण भावोजी एकेक स्लाइड पुढे सरकवत, समजावून सांगत राहिले. त्यांना खरोखर वाटत होतं की ते मुलीला मदत करताहेत. सईनं शेवटच्या स्लाइडपर्यंत सगळं पाहिलं, आपलं ताट उचलून सिंकमध्ये ठेवलं, "थँक्स बाबा" म्हणाली आणि वर निघून गेली. तेव्हापासून फोनवर तिचं बोलणं एवढंच. "हाय बाबा. ऑल गुड. बिझी आहे. बाय."

मग या जुलैत ती आईला फोनवर सहज म्हणाली, "आई, आय मिस द स्नो. इथे बर्फच नाही गं." त्या एका वाक्यावर आम्ही ऑगस्टमध्ये गराजात घाम गाळत होतो. फेब्रुवारीपर्यंत जे काही झालं त्याच्या मुळाशी एकच प्रश्न होता. सई येणार की नाही? हे सगळ्यांना कळत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं.

पुढच्याच रविवारी 'मिशन बर्फ' नावाचा ग्रुप निघाला आणि दर रविवारी सकाळी सगळ्यांची व्हिडिओ मीटिंग सुरू झाली. आता आम्ही दहा मिनिटांच्या अंतरावर राहतो. मी ताईकडे कढीपत्ता मागायला चप्पल घालून जाते. पण नाही, मीटिंग व्हिडिओवरच. कारण सई कॅरीहून असणार. ती असायचीही, पण कॅमेरा बंद आणि आवाजही बंद. पडद्यावर नुसतं 'सई' असं लिहिलेला एक काळा चौकोन. भावोजी त्या चौकोनाकडे बघत सगळं बोलायचे. हातमोजे एकपदरी की दुपदरी, जेवणाला वरणभात पहिल्या दिवशी की दुसऱ्या, चढावर गाडीत कोण पुढे बसणार. शेवटी विचारायचे, "सई, तुझं काय ठरतंय?" चौकोनातून आवाज यायचा, "टेंटेटिव्ह, बाबा."

"व्हेरी गुड," भावोजी म्हणायचे. टेंटेटिव्ह म्हणजे नक्की काहीच नाही, त्यात गुड काय आहे ते मला कधी कळलं नाही.

तारखा आधी नाताळच्या होत्या. मी ऑफिसात भांडून रजा घेतली. मग सईच्या ऑफिसात काहीतरी निघालं, म्हणून जानेवारीचा लाँग वीकेंड ठरला. मी परत रजा बदलली. मग तेही हललं आणि फेब्रुवारीवर गेलं. माझ्या मॅनेजरनं मला अगदी आदरानं विचारलं, "तुमच्यात असा कुठला सण आहे का, जो दर महिन्याला पुढे सरकतो?" मी म्हटलं, "आहे. आमच्या भावोजींना प्रसन्न करायचा सण आहे."

याच सुमारास फोडणीचं प्रकरण झालं.

डोंगरावर किचन असलेली जागा घ्यायची हे ठरलेलंच होतं. "दिवसभर काय वाट्टेल ते खा, रात्री पोटात वरणभातच गेला पाहिजे," हे भावोजींचं मत, आणि या एका बाबतीत मी त्यांच्या बाजूची आहे. पण अमेरिकेतल्या भाड्याच्या जागेत फोडणी म्हणजे केवढी जोखीम, हे इथल्या कुठल्याही मराठी बाईला विचारा. मोहरी तडतडली की धुराचा अलार्म कोकलतो. आम्ही सगळ्या खिडक्या उघडतो, घरातल्या एका माणसाला टॉवेल घेऊन अलार्मखाली वारा घालायला उभं करतो आणि भागवतो. भावोजींना हे भागवणं मंजूर नव्हतं. त्यांनी जागेच्या मालकिणीला ईमेल केली. शेगडीपासून अलार्म किती लांब आहे? वरचा पंखा हवा बाहेर फेकतो, की घरातल्या घरात फिरवतो? मालकिणीनं उत्तर पाठवलं, "आमचं किचन फार सुंदर आहे, तुम्हाला नक्की आवडेल!"

"याला उत्तर म्हणतात?" भावोजी संतापले. आणि नोव्हेंबरमध्ये फक्त फोडणी देऊन बघायला, ताईला घेऊन, डोंगरापलीकडे गाडी हाकत गेले. एका रात्रीसाठी ती जागा घेतली. संध्याकाळी पोचल्या पोचल्या कढलं ठेवलं, तेल तापवलं, मोहरी घातली, हिंग घातला, मिरची घातली.

अलार्म वाजला. एका खोलीचा नाही, अख्ख्या इमारतीचा. वरचे, खालचे, शेजारचे सगळे लोक घरातल्या कपड्यांवर बाहेर बर्फात येऊन उभे राहिले. एक बाई ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून आली होती. मग भोंगा वाजवत आगीचा बंब आला. ताईला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आणि भावोजी कुठे होते? तर बंबवाल्या साहेबांना कढलं दाखवून मोहरी किती तापमानाला तडतडते ते समजावत होते. साहेब म्हणाले, वास मात्र छान येतोय. भावोजींनी त्यांना डब्यातून वरण दिलं.

परत आल्यावर रविवारच्या मीटिंगमध्ये त्यांनी जाहीर केलं, "जागा फेल. पण बघा, आधी कळलं की नाही?"

"भावोजी, आधी नाही कळलं," मी म्हटलं. "सगळ्या गावासमोर बर्फात उभं राहून कळलं. ट्रिपमध्ये याहून वेगळं काय झालं असतं?"

"ट्रिपमध्ये सई असती," ते म्हणाले.

काळ्या चौकोनातून कसलासा आवाज आला. खोकल्यासारखा होता. हसण्यासारखाही असेल.

फेब्रुवारीची तारीख तोंडावर आली तरी सई टेंटेटिव्हच होती, आणि आता भावोजी मार्चचं बोलू लागले. मी ताईच्या किचनमध्ये गेले आणि कोथिंबीर निवडत बसलेल्या ताईसमोर फुटले. "बास झालं ताई! हा काय पोरखेळ आहे? आम्हाला नोकऱ्या नाहीत? सई येवो न येवो, आपण जाऊन येऊ. नाहीतर सरळ कॅन्सल करू. तुझ्या नवऱ्याला सांगायची तुला भीती वाटत असेल तर मी सांगते."

ताईनं मला हातानं थांबवलं. शेजारच्या खोलीत भावोजी फोनवर बोलत होते, स्पीकर लावून, त्यांच्या सवयीप्रमाणे.

"सई, तुझ्या बुटाचा नंबर काय म्हणालीस?"

"बाबा! आय टोल्ड यू. साडेसात. लास्ट वीक पण सांगितला."

"हो का? आणि घोट्यापाशी टोचतात का गं? तुझे मागचे टोचायचे."

"ते मी हायस्कूलमध्ये असताना, बाबा. दॅट पेअर वॉज ट्रॅश. तूच सेलमध्ये घेतले होतेस, रिमेंबर? निळे."

"निळे, हो. निळे होते."

मी ताईकडे बघितलं. ताई काडी-काडी वेगळी करत म्हणाली, "बूट सप्टेंबरातच घेऊन ठेवलेत. साडेसातचे. दर आठवड्याला नंबर विचारतात."

"का पण?"

"मग काय विचारणार, स्वाती? 'कशी आहेस' म्हटलं की ती 'ऑल गुड' म्हणते. त्यापुढे बापानं काय बोलायचं? बुटाचा नंबर विचारला की निदान चिडते. चिडली की चार वाक्यं जास्त बोलते." मग निवडलेल्या काड्या बाजूला सारून म्हणाली, "ट्रिप एकदा पक्की झाली, तर फोन कशाला करायचा, हा त्यांच्यापुढे प्रश्नच आहे."

मला एकदम भरून आलं. ज्या माणसाला अख्खं गाव त्याच्या बडबडीसाठी ओळखतं, त्याला स्वतःच्या मुलीशी बोलायला बुटाच्या नंबराचं निमित्त लागत होतं. माझा अर्धा राग तिथेच उतरला. उरलेला अर्धा राहिला, कारण मॅनेजरला तोंड मलाच दाखवायचं होतं.

आणि मग दोनच दिवसांनी ग्रुपवर सईचा मेसेज आला. "बुक्ड. शुक्रवारी येतेय. सोमवारी सकाळची फ्लाइट." भावोजींनी त्याला अंगठा टाकला. मग तो काढून हृदय टाकलं. मग तेही काढून परत अंगठा टाकला. रेवानं मला फोन दाखवत विचारलं, "मॉम, इज काका ओके?"

सई आली. एअरपोर्टवरून थेट डोंगरावरच. केस कापले होते, थोडी वाळली होती. नव्या जागेत भावोजींनी फोडणी दिली, आणि अलार्म गप्प राहिला. वरणभात, वर तूप, लिंबाची फोड. सईनं उजव्या हातानं जेवत डाव्या हातानं फोन बघितला. मला वाटलं, आता तरी हा माणूस विचारेल, बाई गं, कशी आहेस? पण भावोजींनी कुठला स्लोप किती वाजता उघडतो ते सांगायला सुरुवात केली. सई "ओके बाबा" म्हणत राहिली. मला वरणाची वाटी दोघांच्या मधोमध आपटावीशी वाटली.

शनिवार असाच गेला. सई सकाळी वरच्या अवघड उतारांवर गेली ती संध्याकाळी लालबुंद गालांनी आली, आणि सोफ्यावर बसल्या बसल्या झोपली. ताई तिच्या अंगावर पांघरूण घालून आली. भावोजी समोरच्या खुर्चीत बसून तिच्याकडे बघत होते, आणि मी त्यांच्याकडे बघतेय हे लक्षात आल्यावर उगाच उद्याचं हवामान तपासू लागले.

रविवारी दुपारी आम्ही खालच्या कॅफेटेरियात बसलो होतो. ताईनं तिखटमिठाच्या पुऱ्या आणि थर्मासमधला चहा मांडला होता. प्रसाद सकाळी तीनदा पडून आता 'मला बसून बघायलाच आवडतं' असं सांगत होता. सई चहाला आली. कप संपवून हेल्मेट उचलत म्हणाली, "लास्ट कपल ऑफ रन्स. मग लिफ्ट बंद होईल." उद्या सकाळी ती जाणार होती. गेल्या ऑगस्टपासूनची सगळी धावपळ त्या चहाच्या कपाबरोबर संपत आली होती, आणि बापलेकीत बुटाच्या नंबरापलीकडे अजून काही बोलणं झालेलं नव्हतं.

भावोजी उठले. माकडटोपी कानांवर ओढून म्हणाले, "मी येतो वर."

भावोजींना उंचीची भीती आहे. ऑफिसच्या इमारतीत काचेची लिफ्ट होती म्हणून हा माणूस वर्षानुवर्षं जिन्यानं चढला. आणि ही लिफ्ट म्हणजे तारेला लोंबकळणारं, चौघांना पुरेल एवढं उघडं बाकडं. खाली दरी, पाय हवेत.

"बाबा, तुला हाइट्सची भीती वाटते," सई म्हणाली.

"वाटते."

"मग?"

"मग काय? वाटू दे."

या लिफ्टवर पायी येणाऱ्यांनाही वर नेतात आणि त्याच लिफ्टनं खाली आणतात. ताई माझ्या कानात म्हणाली, "तू जा बरोबर. ते मधेच उतरायला बघतील." म्हणून मीही गेले. सई एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, मध्ये भावोजी. मागून बाकडं आलं, त्यानं आम्हाला गुडघ्यात मारून उचललं आणि जमीन खाली गेली. भावोजींनी समोरची दांडी दोन्ही हातांनी धरली आणि डोळे पुढच्या बाकड्यावर रोवले. इतकं पांढरं तोंड मी त्यांचं कधी बघितलं नव्हतं. कसलीही तालीम न घेता हा माणूस पहिल्यांदाच कशात तरी शिरला होता.

खाली देवदारांचे शेंडे सरकत होते. सईचा फोन खिशात होता, आणि तिच्या त्या जाड मोज्यांनी तो काढताही येणार नव्हता. बऱ्याच वेळानं ती समोर बघतच म्हणाली, "बाबा, मे बी मी कॅरीचा जॉब सोडीन."

मला त्या स्लाइड्स आठवल्या, रंगांसकट. आता हा माणूस 'मी म्हटलंच होतं' म्हणणार, आणि इथून कुणाला उठून जाताही येणार नाही. मी माझ्या बुटानं त्यांचा बूट दाबला. भावोजींचं तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं.

"हं," ते म्हणाले.

सईनं वळून बघितलं. "तू काही म्हणणार नाहीस?"

"नाही."

"आय टोल्ड यू सो पण नाही?"

"नाही गं. तू बोल. खाली बघवत नाही म्हणून समोर बघतोय, पण ऐकतोय."

आणि सई बोलायला लागली. अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत, आधी तुटक आणि मग भडाभडा. तिची टीम मोडली. जिच्याबरोबर जेवायला जायची ती मैत्रीण गाव सोडून गेली. नवीन मॅनेजर तिच्याशी धड बोलत नाही. वीकेंडला कधीकधी दुकानातल्या माणसाला 'थँक यू' म्हणते तेवढंच तोंडातून निघतं. "तुला सांगितलं असतं, तर तू म्हणाला असतास की हे स्लाइडवर होतं," ती म्हणाली. "अँड इट वॉज, बाबा. तू बऱ्याच गोष्टी बरोबर लिहिल्या होत्यास. म्हणून तर सांगता येत नव्हतं."

भावोजींची बोटं दांडीवर आवळली. मी तिच्याकडे बघायचं टाळत होते, कारण मला रडू येत होतं.

"ते संडेचे कॉल्स असायचे ना, मिशन बर्फ," सई म्हणाली. "मी ते पूर्ण ऐकायचे. एव्हरी सिंगल वन. फोन टेबलवर ठेवायचा आणि स्वैपाक करायचा. घरात आवाज असायचा ना तुमचा."

तेवढ्यात वरचं टोक आलं. सई स्कीवर घसरत उतरली, "खाली भेटू" म्हणाली आणि वळण घेऊन दिसेनाशी झाली. चालवणाऱ्यानं लिफ्ट हळू केली, आम्हाला दुसऱ्या बाजूनं परतीच्या बाकड्यावर बसवलं. निम्म्या वाटेपर्यंत भावोजींनी डोळे उघडले नाहीत. मग हळूच म्हणाले, "स्वाती, मी काही चुकीचं नाही ना बोललो?"

"तुम्ही काही बोललातच नाही, भावोजी."

"म्हणूनच विचारतोय."

खाली सई आमच्या आधी पोचून उभी होती. तिनं हेल्मेटची काच वर केली. "बाबा, परत?"

भावोजींनी माझ्याकडे बघितलंही नाही. तिच्या शेजारी रांगेत जाऊन उभे राहिले. मी कॅफेटेरियात आले, ताईला सगळं सांगितलं. ताईनं एक पुरी खाल्ली, मग दुसरी खाल्ली, आणि मग पेपर नॅपकिन डोळ्यांना लावला.

लिफ्ट बंद व्हायच्या जरा आधी रेवानं हट्ट धरला, म्हणून मी तिला घेऊन एकदा वर निघाले. सगळी बाकडी माणसांनी भरून वर चालली होती. परतीची रिकामी. फक्त एका बाकड्यावर एकटे मुकुंद भावोजी खाली येत होते. माकडटोपी, दोन्ही हात दांडीवर, डोळे घट्ट मिटलेले. वर जाणारे लोक त्यांच्याकडे वळून वळून बघत होते.

"काका!" रेवा ओरडली.

त्यांनी एक डोळा उघडला. मला बघितलं आणि हात न सोडता, सगळ्या डोंगराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडले, "स्वाती! तिचं सांगणं अजून संपलं नाही बाप्पा! आत्ता कुठे घरमालकापर्यंत आलीय! परत जातोय मी वर!"

आणि डोळे मिटून घेतले. त्यांचं बाकडं आमच्या शेजारून खाली गेलं. मी मान वळवून बघितलं. सई खाली रांगेच्या बाजूला थांबली होती, आणि वरून येणारं एकेक रिकामं बाकडं सोडून देत बापाची वाट बघत होती.